अर्ध्या वाटेवरचा मुक्काम

गंगाखेडला गोदावरीच्या काठी टेकलो तेव्हा शेगाव सोडून सतरा दिवस झाले होते. आमच्या दिंडीतले एक काकाजी माझ्यासमोर पाय पसरून बसले होते. डाव्या टाचेवर रुपयाएवढा फोड, दुपारीच फुटलेला, आणि त्यावर मराठवाड्याची काळी माती वाळून चिकटलेली. उकळून कोमट केलेल्या पाण्यानं मी ती माती सोडवत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गावाकडून मुलगा बोलत होता. "बाबूजी, पानी पडला. पऱ्हे टाकाचे हायेत. बीज कोनता टाकू?" धानाच्या रोपांसाठी कोणतं बी टाकायचं ते काकाजींनी दोन शब्दांत सांगितलं, फोन खिशात घातला, बराच वेळ पायाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "बाई, गंगाखेडले रेलगाडी हाये ना?"

सिंदेवाही तालुक्यात मी तेहतीस वर्षं आरोग्यसेविका होते. निवृत्तीनंतर तीनदा पायी पंढरपूरला गेले आणि तिन्ही वेळा दिंडीची औषधाची पेटी माझ्याकडेच होती. त्या अनुभवावरून एक गोष्ट खात्रीनं सांगते. लांबच्या पायी वारीत माणूस पहिल्या आठवड्यात खचत नाही, तेव्हा अंगात उत्साह असतो. शेवटच्या आठवड्यातही खचत नाही, कारण तेव्हा पंढरपूर ओढून नेतं. तो खचतो मधे. आणि नेमका हा मधला मुक्काम आपल्याकडे कुणी गांभीर्यानं घेत नाही. निघताना पूजा होते, पोहोचल्यावर जेवणावळ होते. अर्ध्यावर मात्र इतर दिवसांसारखं जेवून झोपतात. पुढच्या आषाढीला आपल्या भागातून जे कुणी पहिल्यांदा निघणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अर्ध्या वाटेवर एक दिवस, निदान एक दुपार, राखून ठेवा. ती विश्रांतीसाठी नको, हिशेबासाठी हवी.

शेगाव ते पंढरपूर ही वाट ७०० ते ७५० किलोमीटरची. श्री गजानन महाराजांची पालखी अकोला, वाशीम, हिंगोली, परभणी जिल्ह्यांतून ती महिनाभरात चालते आणि आमच्यासारख्या लहान दिंड्या तिच्या मागेपुढे त्याच रस्त्यानं जातात. रोजची सरासरी बावीस-तेवीस किलोमीटर पडते. परभणी, दैठणा, गंगाखेड, परळी हा पट्टा म्हणजे वाटेचा मध्य. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर जाणाऱ्यांची वाट याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि तिचा मध्य लोणंद-तरडगाव सोडून फलटणकडे जाताना येतो. त्याच्या थोडं अलीकडे, लोणंद आणि तरडगावच्या मधे, चांदोबाच्या लिंबाला माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं. तुकोबांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण बेलवाडीला, निम्मी वाट चालून झाल्यावर. आळंदीहून किंवा देहूहून निघाल्याबरोबर कुणाला रिंगणाची गरज नसते. पाय जड झाले, टाळाचा आवाज मंदावला की मगच अश्व धावतात, फुगड्या रंगतात आणि थकलेला माणूस पुन्हा उभा राहतो. मला या परंपरेतली ही फार शहाणपणाची गोष्ट वाटते. लहान दिंडीच्या वाट्याला रिंगण नसतं. म्हणून तिनं आपला मध्य आपणच ओळखून साजरा करायला हवा. स्पेनमध्ये सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू जवळपास आपल्याएवढंच, पावणेआठशे किलोमीटर चालतात. त्या वाटेवर साहागून नावाच्या गावात अर्धी वाट चालल्याचं प्रमाणपत्रच मिळतं. ते हातात घेऊन लोक रडतात म्हणे, आणि मला त्यात काही नवल वाटत नाही.

पण अंतराचा मध्य आणि शरीराचा मध्य एकाच ठिकाणी येत नाहीत. पहिल्या पंधरा दिवसांत शरीर उधारीवर चालतं. पायाच्या नसा ताणलेल्या, झोप पाच तासांची, पोटाला सवय नसलेलं अन्न, आणि हे सगळं नामाच्या गजरात कळत नाही. उधारी वसूल व्हायला लागते ती साधारण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. त्यामुळे "अर्धं झालं, म्हणजे अर्धंच उरलं" हे गणित मनाला बरं वाटलं तरी पायांना लागू पडत नाही. शिवाय शेगावच्या वाटेवर मध्य ओलांडला की परळीहून अंबाजोगाईला जाताना बालाघाटचा चढ लागतो. पहिला अर्धा भाग बहुतेक सपाट होता, हे तिथं चढताना आठवतं.

तर हिशेब पायापासून सुरू करा. मुक्कामी पोहोचल्यावर उजेड असतानाच पाय धुवून, कोरडे करून एकमेकांचे तळवे बघा. आपला तळवा आपल्याला नीट दिसत नाही, म्हणून जोडीदार लागतो. बोटांच्या बेचक्यांत पांढरी पडलेली, सुरकुतलेली कातडी दिसली तर ती पावसाची ओल आहे. तिथं रात्रभर काहीही बांधू नका, पाय उघडे ठेवा, सकाळी पावडर टाका. लहान फोड दुखत नसेल तर त्याला हात लावायचा नाही. मोठा, ताणलेला, टेकवत नाही असा असेल तर स्पिरिटनं पुसलेली किंवा उकळलेली सुई फोडाच्या कडेला टोचून पाणी काढा. वरची कातडी मात्र ओरबाडून काढू नका. तीच उत्तम पट्टी. वरून स्वच्छ कापड आणि चिकटपट्टी. फोडातून दोरा ओवून ठेवायची जुनी पद्धत अजून चालते. मी ती कुणाला करू देत नाही, दोऱ्यावाटे घाण आत जाते. आणि उघडी जखम असेल तर गोदावरीत, चंद्रभागेत कुठंही पाय बुडवू नका. स्नान तांब्यानं डोक्यावर पाणी घेऊनही होतं.

ज्यांना साखर आहे त्यांनी स्वतःच्या पायावर सुई चालवायची नाही, मुळीच नाही. त्यांना दुखणं कमी जाणवतं, म्हणून जखम वाढलेली उशिरा कळते. जखमेभोवती लाली पसरत असेल, पाय गरम लागत असेल, वरच्या दिशेनं लाल रेघ चढत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणखी तीन खुणा लक्षात ठेवा. पायाच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येते आणि रात्री झोपल्यावरही ठणकतं, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तो चालून बरा होत नाही. दोन्हीपैकी एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखते, तर तेल लावून रगडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि दिवसभर लघवी थोडी, गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. अशा वेळी दुखण्याची गोळी घेणं मूत्रपिंडाला महागात पडतं. दिंडीत या गोळ्या प्रसादासारख्या वाटल्या जातात. मी पेटीतल्या मोजून ठेवते, आणि कुणी रोज मागायला लागला की त्याला चालू नको म्हणते, कारण गोळी दुखणं झाकते आणि माणूस त्या दुखऱ्या पायावर आणखी वीस किलोमीटर चालतो.

पाण्याबद्दल बायांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. आडोसा मिळणार नाही म्हणून तुम्ही पहाटेपासून पाणी तोडता. मी स्वतः पहिल्या वारीत तेच केलं आणि परभणीच्या अलीकडे लघवीला आग सुरू झाली, ताप आला, दोन दिवस गाडीत बसून काढावे लागले. पाणी तोडू नका. चार-पाच जणी मिळून एक जुनं लुगडं आणि दोन काठ्या सोबत ठेवा, कुठंही आडोसा उभा राहतो. पाळीच्या दिवसांत वारीत चालायचं की नाही असं मला अजून विचारतात. चालायचं. कापड कोरडं ठेवायचं, मांड्या घासू नयेत म्हणून खोबरेल तेल लावायचं, आणि थकवा वाटला तर बसायचं. घाम फार येतो त्या दिवशी नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त नको.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात, कारण वाटेवरच्या डॉक्टरांच्या त्या चटकन लक्षात येत नाहीत. पहिली, ताप. वाटेत ताप आला की "दगदग झाली, पावसात भिजलात" असं म्हणून गोळी मिळते. डॉक्टरांना आवर्जून सांगा की आम्ही जंगल भागातून आलो आहोत, रक्त हिवतापासाठी तपासा. डास चावल्यावर हिवताप वर यायला आठवडा ते महिना लागू शकतो. म्हणजे घरी चावलेल्या डासाचा ताप गंगाखेडला येऊ शकतो. दुसरी, सिकलसेल. आपल्याकडे तो घराघरांत आहे. ज्यांना हा आजार आहे त्यांना अंगातलं पाणी कमी होणं, भिजून गारठणं, अति थकणं यानं वेदनेचा झटका येतो. अशा माणसानं निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि दिंडीच्या प्रमुखाला आपला आजार सांगून ठेवावा. तो लपवण्यात काही लाज राखली जात नाही.

औषधं अर्ध्या वाटेवर मोजा. हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं असतं. बीपी, साखर, थायरॉईड, फिट, ज्यांची रोजची गोळी आहे ते घरून पंधरा दिवसांची पुडी घेऊन निघतात आणि पुढची "वाटेत घेऊ" म्हणतात. ती पुडी नेमकी मध्यावर संपते. मग चार दिवस गोळीविना जातात आणि पाचव्या दिवशी चक्कर येते. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत जवळ ठेवा, परभणी किंवा परळीला पुढची सोय करून घ्या. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. शंका असेल तर तिथं दाखवूनच पुढं निघा. साखर असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. रोज वीस किलोमीटर चालल्यावर तीच गोळी अंगाला जास्त होते. हात थरथरले, दरदरून घाम सुटला, बोलणं अडखळलं तर आधी गूळ-साखर तोंडात, बाकी चौकशी नंतर.

जेवणाचं आपलं दुखणं वेगळं आहे. आपण झाडीपट्टीची माणसं, भाताशिवाय जेवलो असं आपल्याला वाटतच नाही. पुढं गावोगाव ज्या प्रेमानं लोक ज्वारीची भाकरी आणि पिठलं वाढतात ते बघून डोळ्यांत पाणी येतं, पण पंधराव्या दिवशी पोट हट्ट करतं. शौचाला कडक होतं, भूक मरते, मग माणूस चहावर चालायला लागतो, आणि चहावर चालणारा माणूस परळीच्या पुढं चढत नाही. मध्याच्या मुक्कामी एक वेळ भात शिजवा. साधं वरण-भात, वर लोणचं. आम्ही गावाहून पाच किलो तांदूळ फक्त या एका जेवणासाठी ट्रकमध्ये ठेवून आणला होता. त्या रात्री अकरा माणसं जशी जेवली तशी पूर्ण वारीत जेवली नाहीत.

सामानाचं थोडक्यात सांगते. सतरा दिवसांत ज्या वस्तूला हात लागला नाही ती पुढच्या सतरा दिवसांतही लागणार नाही. ती पोस्टानं किंवा एसटीच्या पार्सलनं घरी पाठवून द्या. चप्पल गंगाखेडला मोच्याकडून शिवून घ्या, पण मध्यावर नवी कोरी चप्पल घालू नका. घ्यावीच लागली तर एक नंबर मोठी घ्या, कारण पाय सुजलेले असतात, आणि जुनी चार दिवस जवळ ठेवा. पैसे दोन जागी ठेवा, निम्मे उरले आहेत का बघा. झोपताना मच्छरदाणी अंथरुणाखाली सगळीकडून खोचून घ्या. ती डासांसाठी तर आहेच, पण पावसाच्या तोंडावर जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला मण्यार रात्री चावते, तो दंश कळतही नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड होताहेत, गिळवत नाही असं कुणी म्हणालं तर मंत्र-तंत्र नाही, १०८ नंबर लावायचा आणि सरकारी दवाखाना गाठायचा.

आता ज्याबद्दल कुणी लिहीत नाही ते. मध्यावर दिंडीत भांडणं होतात. पाण्याच्या टँकरवर आधी कोण, पेटी कुणी उचलायची, रात्री कोण घोरतं, पखवाज वाजवणाऱ्याला अंथरूण आत का आणि आम्हाला बाहेर का. पहिल्या आठवड्यात एकमेकांना वाकून 'माउली' म्हणणारी माणसं चौदाव्या दिवशी तोंड फिरवून चालतात. याची लाज वाटून घेऊ नका, ही थकव्याची भांडणं आहेत. आमच्या दिंडीच्या प्रमुख काकूंनी एक उपाय केला होता, तो मला फार आवडला. मध्याच्या दिवशी चालायच्या जोड्या बदलायच्या. आणि त्या संध्याकाळी हरिपाठानंतर प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची, या पंधरा दिवसांत मला कुणी काय मदत केली. तक्रार नाही. ज्याच्याशी मी तीन दिवस बोलत नव्हते त्यानं पातूरच्या घाटात माझी पिशवी उचलली होती, हे मला त्या संध्याकाळी सांगावं लागलं.

आणि मग घरचा फोन. आषाढीची वारी आपल्या भागातल्या शेतकऱ्याला जड जाते त्याचं कारण हेच आहे. पश्चिमेकडच्या माणसाची पेरणी होऊन जाते आणि तो मोकळा होतो. आपल्या धानाचं तसं नाही. मिरगाचा पाऊस पडला की बांदीत पऱ्हे टाकायचे, आणि पुढं महिन्याभरात रोवणी. शेगावहून निघालेला माणूस गंगाखेडला पोहोचतो तेव्हा बहुतेक वर्षी आर्द्रा नक्षत्र जवळ आलेलं किंवा लागलेलं असतं, म्हणजे वाटेचा मध्य आणि पऱ्ह्यांची वेळ साधारण एकत्र येते. एचएमटी टाकू की आणखी कोणतं, बीजप्रक्रिया कशाची करू, धुरा फुटलाय तो कोण बांधणार, हे प्रश्न पांडुरंगाच्या वाटेवर फोनमधून येतात आणि माणसाचे पाय तिथंच अडतात. ज्याच्या भरवशावर घर चालतं त्याला हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. "संसार विसरा" असा उपदेश त्याला करू नये. उपाय निघण्यापूर्वी करायचा असतो. बियाणं आणून, निवडून, पोत्यावर नाव लिहून ठेवायचं. कोणत्या बांदीत कोणतं धान ते घरच्या बाईला किंवा मुलाला शेतात उभं करून दाखवायचं. आणि एका शेजाऱ्याला शब्द मागून ठेवायचा. हे करून निघालेल्याचा फोन मध्यावर वाजतो, पण तो "झालं काम" सांगायला.

आपल्या जुन्या माणसांनी म्हणूनच बहुधा जवळच्या वाऱ्या धरल्या. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा, चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा. दोन्ही वेळा धान घरात आलेलं असतं. पंढरपूरला जायचं मनात असेल तर आधी एक वर्ष सिंदेवाहीहून मार्कंड्याला पायी जा. वैनगंगा जिथं उत्तरेकडे वळून वाहते त्या काठावरची ती देवळं दोन दिवसांच्या चालीवर आहेत आणि मूल हा साधारण मधला मुक्काम. मूलला पोहोचल्यावर पाय काय बोलतात ते ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चप्पल घालावीशी वाटते का, तेही बघा. गंगाखेडला जे होणार आहे त्याची चुणूक तिथं मिळते, आणि न जमल्यास घरी परतायला बस असते.

पण या सरावात एक चूक जिवावर बेतू शकते. वारीत पहाटे तीन-चारला निघायची रीत आहे, आणि मोकळ्या माळावर ती योग्यच आहे. सिंदेवाही-मूलच्या रस्त्याला, चंद्रपूरकडे केसलाघाटाच्या जंगलात ती चालणार नाही. मे २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांना एकाच दिवशी वाघानं मारलं. उजाडल्याशिवाय निघू नका, सूर्य कलायच्या आत गावात पोहोचा, रस्ता सोडून आडोशाला एकट्यानं जाऊ नका, आणि टाळ वाजवत, मोठ्यानं बोलत, एकत्र चाला. वनखात्याची माणसं थांबवतात तेव्हा थांबा.

परत फिरण्याविषयी माझं मत स्पष्ट आहे. अर्ध्यावरून परतणं हा अपराध नाही. पण निर्णय कधी घ्यायचा याला नियम हवा. संध्याकाळी कधीच घेऊ नये. दिवसभर चाललेला, भुकेला, दुखऱ्या पायाचा माणूस संध्याकाळी जे ठरवतो ते पायानं ठरवलेलं असतं. जेवा, झोपा, सकाळी चार पावलं चालून बघा, मग ठरवा. मन म्हणतं "नको" आणि पाय धड आहेत, तर आणखी एक मुक्काम चाला. बहुतेकांचं मन तेवढ्यात ताळ्यावर येतं. मन म्हणतं "जायचंच" आणि पाय लाल होऊन गरम झालाय, तर मनाचं ऐकू नका. शेगावच्या वाटेवर परभणी, गंगाखेड आणि परळी या तिन्ही गावांत रेल्वे स्थानक आहे. अंबाजोगाईला रूळ नाहीत आणि पुढंही बरेच मुक्काम गाडी हाताशी येत नाही. म्हणून निर्णय परळीलाच झालेला बरा. दिंडीच्या प्रमुखांनी परतणाऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ घालावी, एक माणूस स्थानकापर्यंत पाठवावा, आणि बाकीच्यांनी त्याला कारण विचारू नये.

आणखी एक. ज्याला आपण शेवट म्हणतो, तो जुन्या वारकऱ्यांचा मध्य होता. गाड्या नव्हत्या तेव्हा गेलेल्या पायांनीच परत यावं लागे. आजही माउलींची पालखी आळंदीला आणि गजानन महाराजांची पालखी शेगावला पायीच परतते. आपण मात्र द्वादशीला बसमध्ये चढतो. त्यामुळे गंगाखेडला ज्याला "अजून अर्धं उरलंय" याची धास्ती वाटते त्यानं त्या जुन्या वारकऱ्यांचा हिशेब आठवावा. त्यांच्या हिशेबानं गंगाखेड हा पाव रस्ता.

गंगाखेडच्या त्या संध्याकाळी काकाजींना मी एवढंच सांगितलं, रेलगाडी आहे, ती उद्याही आहे. ते जेवले, झोपले. सकाळी पाय बरा वाटला म्हणून निघाले आणि दोन दिवसांत परळीला पोहोचले. तिथं पट्टी सोडली तर लाली घोट्याच्या वर चढलेली. त्यांना साखर होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि चालणं बंद सांगितलं. वैजनाथाच्या पायरीवर डोकं टेकवून ते माघारी फिरले. आम्ही दहा जण पुढं गेलो. आठ दिवसांनी, पाय सुकल्यावर, त्यांनी स्वतःचे पऱ्हे बघितले, आणि मग आमच्यापैकी चौघांच्या बांद्यांवर उभं राहून त्यांचेही पऱ्हे टाकून घेतले. आम्ही पंढरपूरहून आलो तेव्हा ते हिरवेगार वर आलेले होते.

त्याच्या पुढच्या वर्षीपासून आमच्या गावात पाळी ठरली आहे. दरवर्षी तिघं मागं राहतात, सगळ्यांचे पऱ्हे टाकतात, आणि पुढच्या वर्षी ते चालतात. काकाजी दुसऱ्या वर्षी पंढरपूरला पोहोचले. त्या वर्षी मागं राहणाऱ्या तिघांत मी होते. तुमच्या गावातून कुणी निघत असेल तर पताका शिवायच्या आधी ही पाळी ठरवा.